खाटेखालच्या चार वाट्या

"मुंगीशी काय भांडता मास्तर? तिची वाट मोडा की!"

असं म्हणून शेजारची मावशी उकिडवी बसायची आणि मुंग्यांच्या रांगेवर बोट धरून सरकत सरकत भिंतीपर्यंत जायची. फट सापडली की डोळे बारीक करून हसायची. "हितनं येत्यात बघा." मग लिंबाच्या साली उकळलेल्या साबणपाण्याचं फडकं सगळ्या वाटेवरून फिरायचं आणि फटीत ओला चुना बसायचा. मागं राहिलेल्या मुंग्या पत्ता हरवल्यासारख्या गोल गोल फिरत राहायच्या.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. मुंगीला सहा पाय असतात हे फळ्यावर लिहायचा मला पगार मिळतो. मुंग्या वासाच्या मागावर चालतात हेही मी वर्गात सांगितलेलं आहे. पण तो माग फडक्यानं पुसता येतो, हे मला मावशीनं शिकवलं. त्याआधी मी हुशारी केली होती. बाजारातून जालीम फवारा आणून ओट्याखाली अर्धा डबा रिकामा केला होता.

आमच्या दोन खोल्यांमधली भिंत पत्र्यापर्यंत पोचत नाही. पलीकडून खोकल्याची उबळ सुरू झाली ती थांबेचना. मावशी पदर नाकाला लावून दारात उभी. "मुंगी मेली का न्हाय ठावं न्हाय मास्तर, आमचं माणूस मरंल की!"

तिचे मालक अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल विणायच्या मागावर उभे राहून म्हातारे झालेले. छातीत कापसाची धूळ, रक्तात साखर, आणि पायाला एक जखम, जी भरायचं नाव घेत नव्हती. जखम सुकली तर पाय वाचेल, असं डॉक्टर म्हणाले होते. मुंग्यांना ती जखम बरोबर सापडायची. म्हणून खाट भिंतीपासून हातभर लांब आणि खाटेचे चारी पाय पाण्यानं भरलेल्या चार वाट्यांत. पाणी सकाळ-संध्याकाळ बदललं जाई. खाटेवरून दोरा लोंबलेलाही तिला खपत नसे.

"आपल्या किल्ल्यासारखा खंदक हाय आमच्या मालकाला!" ती सांगायची.

"व्हय, पण किल्लेदार लई खाष्ट हाय," मालक खोकत खोकत म्हणायचे. खोकल्यातही त्यांना हसू यायचं.

थंडीतली एक सकाळ. मावशी औषधं आणायला दवाखान्यात गेली आणि मला बसवून गेली. मालक कुडकुडत होते. मी घरातून आमची डबल चादर आणली. सोलापूरकराचं प्रेम दुसऱ्या कशातून दिसणार? त्यांना गळ्यापर्यंत नीट पांघरलं, दोन्ही बाजू सारख्या केल्या आणि स्वतःवरच खूश होऊन पेपर उघडला. मालकांना ऊब मिळाली. ते झोपले.

मावशी आली. तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. चादरीच्या जमिनीला टेकलेल्या काठाकडे पाहिलं. काठावरून बारीक लाल रांग वर चढत होती. तिनं चादर ओढली. मुंग्यांखाली जखमेची पट्टी दिसेनाशी झाली होती. त्या पायाला जाणीवच उरली नव्हती, त्यामुळे मालक अजून झोपेतच होते.

मावशी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खाली बसली, एकेक मुंगी टिपू लागली आणि हळूच म्हणाली, "वाट दिलीत की ओ मास्तर."

आठवड्याभरात मालकांना दवाखान्यात हलवलं. ते परत आले नाहीत. डॉक्टर मला म्हणाले, "मुंग्यांनी नाही हो, जखम आतूनच सडत आली होती." मी विज्ञान शिकवतो. मला हे पटायला हवं.

पुढं खाट गेली. वाट्या कोरड्या पडून राहिल्या. एकदा डोकावलो तर मावशी फरशीवर पडलेली आणि तिच्या उशाशेजारून रांग चाललेली. मी धावत जाऊन लिंबाचं पाणी उकळलं, फडकं आणलं, तिच्यासारखाच उकिडवा बसलो.

तिनं माझं मनगट धरलं. "राहू द्या की मास्तर. तेवढंच कोणतरी येतंय जातंय."

उन्हाळ्यात भाऊ येऊन तिला टेंभुर्णीला घेऊन गेला. जाताना वाट्या माझ्या हातात देत म्हणाली, "घासून ठेवल्यात."

आता तिच्या दाराला कुलूप आहे आणि दाराखालून रांग आत जाते. मी कधीतरी फडकं घेऊन तिथं बसतो. मुंग्या जात राहतात. मी तसाच उठतो.