झिवोत म्हणजे आयुष्य नव्हे

ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रातल्या नोकरीत मी पंचवीसेक वर्षं रशियन लेखांचं इंग्रजी करत होते. सगळे लेख नळ, झडपा आणि दाब यांवरचे. रशियन बोलणारं माणूस मात्र कधी समोर आलं नव्हतं.

निवृत्तीनंतर एका सकाळी भाचीचा फोन आला. ती अंधेरीच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. म्हणाली, "मावशी, पेशंटच्या बायकोला फक्त रशियन समजतंय. तू ये ना." घाटकोपरहून रिक्षाने जाताना मी वाक्यं घोकत होते.

नवरा कण्हत पडला होता. बायको माझ्याच वयाची. तुम्ही मॉस्कोच्या का, असं मी विचारलं. तिने नाही म्हणून मान हलवली आणि किर्गिझस्तान म्हणाली. मग ती भराभर बोलत सुटली. त्यातलं घोकलेलं 'दुखतंय' तेवढं कळलं, आणि 'झिवोत' हा शब्द ओळखीचा वाटला. 'झिझ्न' म्हणजे आयुष्य, तसलंच काहीतरी असणार. मी डॉक्टरांना सांगितलं, "त्याचं आयुष्य दुखतंय म्हणते."

डॉक्टर भाचीकडे बघायला लागले. त्या बाईने माझा हात ओढून स्वतःच्या पोटावर ठेवला. झिवोत म्हणजे पोट. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रक्तदाबाचं विचारताना मात्र नळांच्या लेखांतला 'दाब' हा रशियन शब्दच कामी आला; तिने लगेच पर्समधून गोळ्या काढल्या.

तेवढ्यात तिला मुलीचा फोन आला. ती बोलत होती आणि मला एक अक्षर कळेना. आपण सगळं विसरलो की काय, म्हणून मला घाम फुटला. फोन ठेवल्यावर तिनेच सावकाश सांगितलं, "ही आमची घरची भाषा. रशियन शाळेत शिकले."

मग तिने विचारलं, तुमच्या घरी रशियन कोण बोलतं? कुणीच नाही, मी म्हटलं. मग शिकलात कशाला, हे तिला समजेना. नोकरीसाठी, एवढंच मला सांगता आलं, आणि ते माझं मलाच पटलं नाही.

नवऱ्याच्या पित्ताशयात खडे निघाले, ऑपरेशन झालं आणि आठवड्याने दोघं परत गेली. मी नकाशा काढून बसले. किर्गिझस्तान रशियाला लागूनसुद्धा नव्हतं, मध्ये कझाकस्तान पसरलेलं. मग त्या बाईची घरची भाषा कोणती, मी भाचीला फोनवर विचारलं. ती म्हणाली, "मावशी, मला काय माहीत? माझी ड्युटी चालू आहे."