सुनेचा पाय आन् माझी आडकाठी

त्या दिवशी दवाखान्यात खाटेवर माझी सून होती. उशाशी तिची आई, पायाशी मी, भिंतीला टेकून माझा लेक, आन् हातात एक्सरे घेतलेला डॉक्टर. शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती, तिनंबी सगळं ऐकलं.

सून शेंद्र्याला कंपनीत पॅकिंगला जायची. करमाडजवळ रस्ता ओलांडताना टेम्पोनं उडवलं. नडगीचं हाड फुटून बाहेर आलं, मग त्यात पू झाला. डॉक्टरनं सडलेलं हाड काढून टाकलं आन् पायाला बाहेरून सळया बसवल्या. मधी चार बोटं जागा मोकळीच राहिली.

डॉक्टर म्हणला, एवढी जागा आपोआप भरत नसती. तिच्या कमरंचं थोडं हाड घेऊ, पण तेवढं पुरायचं नाय. म्हणून त्यात हाडाच्या बदल्यात वापरायचे पांढरे दाणे मिसळू, त्यांच्या आधारानं तिचं हाड वाढंल. पू पुरता गेला की करू, तवर गोळ्या बंद करू नका.

मी इचारलं, हे दाणे कुणाच्या हाडाचे? म्हणला, कुणाच्याच नाय आजी, कारखान्यात बनतेत. मला पटलं नाय. शेजारची म्हातारी सकाळीच सांगत होती, मेलेल्या माणसाचं हाड असतं नायतर जनावराचं. ते डोक्यात बसलं होतं. आमच्यात तिसऱ्या दिवशी राख सावडतेत, हाडं येचून पैठणला गोदावरीत सोडतेत. मी तिथंच, तिच्या तोंडावर बोलले, "उद्या ही गेली तर राखंतून कुणाची हाडं येचायची? परक्याची?"

जित्याजागत्या पोरीसमोर तिच्या राखंची गोष्ट केली मी. तिची आई तोंडाला पदर लावून बाहेर गेली. सून माझ्याकडं बघत राहिली आन् हळूच म्हणली, "आत्या, पाय तुमच्या लेकाचा असता तर?"

जबाब मला ठावा होता. लेकाचा असता तर दगड भरतो म्हणले असते तरी मी व्हय म्हणले असते.

सून म्हणली, मी करते सही. लेक म्हणला, आईचं मन नाय. डॉक्टरनं लई समजावलं, तरी आम्ही तिला गावाकडं, देवगावला घेऊन आलो. मी एका हाड बसवणाऱ्याकडून लेप आणला. सळयांच्या मधून तो लेप मीच लावायची. त्यानं सांगितलं, लेप असंस्तोवर दवाखान्याच्या गोळ्या नको. सून गोळ्या मागायची. मी त्या वरच्या फळीवर ठेवल्या, उभं राहिल्याबिगर हात पुरणार नाय अशा. आन् उभं तर तिला राहता येत नव्हतं.

तीन महिन्यांत पाय सुजून टम्म झाला, वास यायला लागला, ताप उतरंना. तिची आई जीप घेऊन आली. मला एवढंच म्हणली, "इहीणबाई, आता ती माझी लेक हाय. तुमची सून मागून."

दवाखान्यात अजून हाड कापावं लागलं. चार बोटांची सहा बोटं जागा झाली. ह्या टायमाला सही सुनेनंच केली, कुणाला इचारलं नाय. पू गेल्यावर तेच दाणे भरले. वरीसभर सळया राहिल्या.

सळया निघाल्या तवा डॉक्टरनं मला जवळ बोलावून जुने-नवे एक्सरे दाखवले. आधीच्यात दाण्यांचे ठिपके दिसत होते, नव्यात जवळजवळ नायच. तो म्हणला, "आजी, दाणे विरले. त्यांच्या जागी हिचंच हाड आलंय." तो हसून बोलत होता. मला मान वर करता आली नाय.

सून आता आमच्याच घरी हाय, चालती. पाय दोन बोटं आखूड राहिला, एका चपलंला जाड तळ लावून घेतलाय. कंपनीचं काम गेलं, दिवसभर उभं राहणं जमत नाय. त्या गोष्टीवरून तिनं मला कधी टोमणा मारला नाय. मलाच वाटतं, मारला असता तर बरं झालं असतं. कितींदा माफी मागायला तोंड उघडलं, आन् भाजी चांगली झाली एवढंच म्हणले.

वाचणाऱ्याला माझं एकच मागणं हाय. तुमच्या घरात असा वख्त आला तर काय शंका असंल ती डॉक्टरला इचारा, आन् काय करायचं ते ज्याचा पाय हाय त्याला ठरवू द्या. माझ्यासारखी कुणी आडवी आली तर तिचं ऐकू नका.