कडेवर घेण्याआधी

कुणाचंही बाळ पुढे आलं की तिचा पहिला प्रश्न ठरलेला. "मुलगी? तीन महिने झाले?" झाले नसतील तर बाळाला दोन्ही हातांवर आडवंच धरायची. कडेवर घेणाऱ्या आईला सगळ्यांसमोर दटावायची, मग ती मॅनेजरची बायको का असेना.

अमिरातीतल्या फुजैरामधल्या आमच्या शिपिंग ऑफिसात ती माझ्या शेजारी बसायची. मेक्सिकोतल्या युकातानची, माया लोकांतली. आपल्यासारखाच सावळा रंग, त्यामुळे बँकेतले लोक तिच्याशी बिनदिक्कत हिंदीत बोलायचे आणि ही मजेत "अच्छा, अच्छा" करत राहायची.

तिच्याकडे मुलीला पहिल्यांदा कडेवर घेतात ते तिसऱ्या महिन्यात, कारण चूल तीन दगडांची. मुलाला चौथ्या, कारण मक्याच्या शेताला चार कोपरे. आमच्या वसईत बाप्तिस्म्याला धर्ममाता असते, तशीच एक बाई बाळाला कडेवर घेऊन त्याच्या मुठीत पुढच्या आयुष्याची हत्यारं देते. पूर्वी मुलीला टकळी आणि सूत मिळे.

"राणी असो नाहीतर मका वाटणारी, विणायला सगळ्यांनाच लागायचं," ती सांगायची. "आमची चंद्राची देवीसुद्धा बाळंतपणं करून वर मागावर बसते. बिचारीला ओव्हरटाइम!"

माझ्या लेकीला तीन महिने झाले तेव्हा मी हौसेने तिलाच बोलावलं. वर सांगितलं, "हे बघ, फक्त पेन दे. चूल, सुई-दोरा सगळं खलास."

ती हसली नाही. "मीही असंच म्हटलं होतं," एवढंच बोलली.

मग हळूहळू कळलं. तिच्या लेकीच्या वेळी तिच्या आईने स्वतःची टकळी आणली होती. बाळाने ती घट्ट धरली. हिने चिडून एकेक बोट सोडवलं, टकळी बाजूला टाकली आणि तिथे पेन दिलं. लेक शिकली, कॅनडात इंजिनियर झाली. आजी गेली तेव्हा अजून शिकतच होती; आली नाही, फोनवर म्हणाली, "सॉरी मॉम, एक्झाम्स." आजीचा माग त्यानंतर कुणी उघडला नाही.

"दोष तिचा नाही गं. तिने धरलं होतं, मी सोडवलं," ती म्हणायची. मी पुष्कळ समजावलं, पण तिला ते पटत नसे. माझ्या पोरीला तिने पेनच दिलं, मी सांगितलं होतं म्हणून. हे आठवलं की अजूनही मला अपराधी वाटतं.

पुढे तिच्या लेकीला मुलगी झाली. ही जेवणाच्या सुट्टीत टकळीवर सूत काढू लागली. बॉसला रजेचंही सांगून ठेवलं.

"मग तिकीट काढ ना, यल्ला, चल!" मी म्हटलं.

"तिला बोलावू दे. कुठल्या तोंडाने जाऊ?"

"बोलावेल, इन्शाल्ला."

आता ती आमच्या ऑफिसात नाही. कॉन्ट्रॅक्ट संपलं तशी गावी परत गेली, आणि आमचं बोलणं सणासुदीच्या मेसेजवर आलं. ती आठवली की मला त्या दिवसांतली एक दुपार दिसते.

लेकीचा व्हिडिओ कॉल आला होता. मी कौतुकाने डोकावले. नात जेमतेम दोन महिन्यांची, आणि तिची आई तिला चक्क कडेवर घेऊन स्वयंपाकघरात उभी! मी श्वास रोखला. आता भडका उडणार.

"मॉम, ही रडायची थांबतच नव्हती. अशी घेतली तर चालेल ना? तुमच्यात काहीतरी असतं ना गं याचं?" लेकीने विचारलं.

तिने फोन डोळ्यांजवळ नेऊन नातीला नीट पाहिलं.

"काही नसतं," ती म्हणाली. "छान धरलंयस."

फोन ठेवल्यावर मी तिला झापलंच. "अगं, खोटं का बोललीस? सांगायचं होतंस!"

"सांगितलं असतं तर आयुष्यभर तिला वाटत राहिलं असतं, आपण चुकलो." तिने डोळे पुसले. "कसं वाटतं ते मला माहीत आहे. तिला नको."