भिणारे पंच

सुभेदार पंच म्हणून आखाड्यात उतरले की सलामीच्या आधी दोन्ही पैलवानांना जवळ बोलावत आणि हलक्या आवाजात सांगत, "पोरांनो, मला लय भ्या वाटतंय." हे ते गमतीने म्हणत नसत. त्या वेळी त्यांचे ओठ कोरडे पडलेले असत आणि शिट्टीची दोरी डाव्या हाताच्या बोटांना आवळून गुंडाळलेली असे. नवखा पैलवान हसायचा. मुरलेला पैलवान नुसती मान हलवायचा आणि माती उचलायचा. सत्तरच्या दशकात सातारा-सांगलीकडच्या कुस्ती-मैदानांची वृत्ते मी सांगलीच्या एका दैनिकासाठी लिहीत असे. बातमीदारांचे बाकडे आखाड्याला लागूनच असायचे, त्यामुळे हे वाक्य दर वेळी ऐकू येई.

ते खरोखरीचे सुभेदार होते. पलटणीतून निवृत्त झालेली, लढाई पाहिलेली माणसे आमच्याकडे गावोगाव आहेत. त्यांतली बहुतेक भीतीबद्दल बोलत नाहीत. सुभेदार बोलत. एका जत्रेत चहाच्या पालात कोणीतरी त्यांना टोचले, "सुभेदार, मग फ्रंटवर कसं केलंसा?" ते म्हणाले, "तितं बी वाटत हुतं. पर तितं खंदक हुता. हितं कुटं हाय?"

पैलवानांची त्यांना भीती नव्हती. भीती होती ती सभोवार बसलेल्या माणसांची. काही वर्षांपूर्वी एका मैदानात त्यांनी एक कुस्ती बरोबरीत सोडवली होती. दगड आले. पैलवानांना एकही लागला नाही, पंचांनाही नाही. हलगी वाजवणाऱ्याचा डावा डोळा गेला. या प्रसंगाबद्दल सुभेदार एकच वाक्य बोलत: "निकाल मी दिला आन डोळा त्येचा गेला." पुढे कोणी काही विचारले तर ते उठून जात.

तेव्हापासून मैदानाच्या दिवशी ते सकाळीच यायचे आणि पहारा तपासावा तशी एक फेरी मारायचे. कोणत्या गावाचे लोक कुठे बसणार, बाहेर पडायच्या वाटा कोणत्या, हाताशी येण्यासारखे काय काय पडलेले आहे, हे पाहायचे. नारळाच्या करवंट्या उचलायला लावायचे. एकदा त्यांनी ऊस विकणाऱ्याला मोळ्या घेऊन लांब पिटाळले. तो कुरकुरला, "आवं, खायाचा ऊस हाय ह्यो." सुभेदार म्हणाले, "खायाच्या आदी काय असतंय त्यो? दांडकंच असतंय की."

घरी याच विषयावर त्यांचा आणि सुभेदारीणबाईंचा वाद चाले. एका मैदानाला आम्ही एकाच जीपमधून जाणार होतो, तेव्हा तो मी ओसरीवर बसून ऐकला. बाई चहा देता देता म्हणाल्या, "एवडं भ्या वाटतंय तर जाऊ नगासा. दुसरं पंच मेल्यात का?"

"दुसऱ्यास्नी भ्या वाटत न्हाई," सुभेदार म्हणाले.

"मग तर बरंच की."

"बरं कसं? ज्याला भ्या वाटत न्हाई त्यो काय बी निकाल दिऊन मोकळा हुतोय."

बाईंनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "तुमी तरी सांगा." तोवर सुभेदार पायांत वहाणा घालून निघाले होते.

त्यांची दुसरी सवय आखाड्यातली. दोन्ही खांदे मातीला टेकले की पैलवान चीत, हा साधा नियम. पण तेलामातीने माखलेली दोन शरीरे एकमेकांत अडकलेली असताना खांदा टेकला की चार बोटे वर राहिला, हे भल्याभल्यांना दिसत नाही. बाकीचे पंच जमिनीला गाल लावून बघत. सुभेदार पाठ खाली येऊ लागली की तिच्याखाली उजवा पंजा सरकवत आणि शेवटच्या क्षणी ओढून घेत. "डोळ्याला वाटतंय, हाताला कळतंय," असे त्यांचे म्हणणे. त्या हाताची सालटी कायम निघालेली असत. प्रेक्षकांतून आवाज यायचा, "सुभेदार, भाकरी भाजली का? उलटा आता!"

अशा पंचांच्या वाट्याला बिरू आणि सदा यांची तिसरी कुस्ती आली.

बिरू पूर्वेकडच्या कोरड्या भागातला, मेंढरे राखणाऱ्या घरातला. उंच, सडसडीत, दमाचा पक्का. सदा कृष्णाकाठचा, बागायतदाराचा मुलगा, रुंद आणि वजनदार. त्यांची पहिली कुस्ती साताऱ्याकडच्या एका जत्रेत उजेड संपला म्हणून बरोबरीत सुटली. दुसरी सांगलीत झाली, तीही बरोबरीत. दुष्काळ नुकताच सरला होता. बिरूच्या भागातली माणसे त्या दिवसांत पोटासाठी कृष्णाकाठच्या रस्त्यांवर खडी फोडत बसली होती आणि सदाच्या भागातल्या माणसांनी त्यांना तिथे बसलेले पाहिले होते. दोन पैलवानांच्या नावाखाली नेमके काय भांडले जात होते, हे सगळ्यांना माहीत होते. एक बाजू म्हणे, "पाटाचं पानी पिऊन फुगलंय नुसतं." दुसरी म्हणे, "मेंढराच्या मागं पळून पळून पायच तेवडं घट झाल्यात." सांगलीच्या कुस्तीनंतर परतणाऱ्या ट्रकांवर काठ्या चालल्या होत्या.

तिसरी कुस्ती सदाच्याच गावी ठरली. फलकांवर 'निकाली' हा शब्द लाल अक्षरांत होता. बरोबरी होणार नव्हती. कोणीतरी हरणारच होते, आणि हरलेल्या बाजूच्या हातात काय असेल, एवढाच प्रश्न उरला होता.

सकाळच्या फेरीत सुभेदारांना त्याचे उत्तर मिळाले. मैदानाला लागून नवा रस्ता होत होता. त्याच्या कडेला फोडलेल्या खडीचा ढीग होता, माणसाच्या छातीएवढा उंच. सुभेदार त्याच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग मैदान कमिटीच्या अध्यक्षांकडे गेले. त्यांना गाव आबा म्हणे.

"आबा, ती खडी हलवा."

"सरकारी खडी हाय, सुभेदार. आपल्याला हात लावता येत न्हाई."

"तुमाला येत न्हाई. दुपारी लोकास्नी येनार हाय."

"कायतरीच तुमचं! जत्रंची मानसं हैत, लढाईची न्हाईत." आबा हसले. बरोबरचे चौघेही हसले. सुभेदार परत जाऊन ढिगाजवळ उभे राहिले. मी तिथे गेलो तेव्हा त्यांनी मला विचारले, "तुमी बाकड्यावर बसनार न्हवं? तितनं ह्यो ढीग दिसतोय. मधनं मधनं बघत जावा."

दुपारी मैदान भरले. झाडांवर, ट्रॉल्यांवर, घरांच्या पत्र्यांवर माणसे होती. पूर्वेकडचे लोक खांद्यावर घोंगड्या टाकून एका अंगाला दाटीने बसले. ऊन असूनही त्यांनी घोंगड्या काढल्या नाहीत. हलगी कडाडली. सुभेदारांनी दोघांना जवळ बोलावले आणि त्यांचे ते वाक्य म्हटले. सदा हसला नाही. तो म्हणाला, "मला बी वाटतंय."

कुस्ती लांबली. डाव लागत, सुटत. दर वेळी एका बाजूने आरोळी उठे आणि दुसरी बाजू अर्धवट उभी राही. सुभेदारांनी सांगितल्याप्रमाणे मी ढिगाकडे पाहत होतो. पहिल्यांदा तो छातीएवढा होता. पुढे कमरेएवढा झाला. तिथे कोणी घाई करताना दिसले नाही. माणसे पाणी प्यायला उठल्यासारखी उठत, त्या बाजूला जात आणि धोतराचा सोगा किंवा खिसा जड करून परत येऊन बसत. दोन्ही बाजूंची माणसे तिथे एकमेकांशेजारी उभी राहून, एकमेकांकडे न पाहता, खडी उचलत होती. पोलीस होते, पण मैदानाच्या मानाने फार थोडे. त्यांतला एकजण ढिगाकडे पाठ करून उभा होता. सुभेदारांनी एकदा मान वळवून तिकडे पाहिले. नंतर पाहिले नाही.

सूर्य उतरत असताना बिरूने सदाला उचलून मातीवर टाकले आणि वर दाबून धरले. सदाचा एक खांदा टेकला. दुसरा खाली येत होता. सुभेदार गुडघ्यांवर पडले आणि त्यांनी पंजा आत घातला. या वेळी तो बाहेर आला नाही. दोघांचे वजन त्यावर आले होते. मैदान एकदम गप्प झाले. सगळे शिट्टीची वाट पाहत होते.

त्या शांततेत तिघांत जे बोलणे झाले ते मला तिघांनीही नंतर वेगवेगळ्या वेळी सांगितले. तपशील जुळतात, म्हणून देतो.

"हलू नगा," सुभेदार म्हणाले. "माझा हात हाय खाली. सदा, लागली का न्हाई?"

"लागली," सदा म्हणाला.

"न्हाई लागली," वरून बिरू म्हणाला. "मधी तुमचा हात हाय. मला कळतंय."

"आरं गप ए! पाठ माझी हाय का तुजी?"

"पर हात—"

"दोगं बी गप बसा. माझी बोटं मोडल्यात." सुभेदार म्हणाले. "पाठ त्येची हाय. त्यो म्हनतोय लागली, म्हंजे लागली. आता आयका. शिट्टी वाजली की, सदा, तू ह्येला खांद्यावर घ्यायचं."

"हरलेल्यानं?"

"व्हय. आन तुज्या मानसांच्या अंगानं फिरवायचं. लांबनं न्हाई. त्येंच्या पायाजवळनं."

"दगड घालत्याल ह्येला."

"ह्यो पडला तर तू बी पडतूस. तुला कसं घालत्याल? म्हनून तर सांगतोय."

"आन तुमी?"

"मी तुज्या मागं. अगदी मागं."

शिट्टी वाजली. सदा उठला, वाकला आणि ज्याने त्याला हरवले त्याला खांद्यावर घेऊन उभा राहिला. अशी गोष्ट त्या मैदानात कोणी पाहिलेली नव्हती. आरोळी उठायला हवी होती, ती उठली नाही. हलगीवाल्याचा हात थांबला होता. सदा आपल्या गावाच्या लोकांकडे चालू लागला. त्याच्या कमरेला डाव्या हाताने घट्ट धरून, मान खाली घालून सुभेदार मागे चालत होते. उजवा हात त्यांनी पोटाशी धरला होता.

पहिल्या रांगेत सदाचा चुलता उभा होता. त्याच्या मुठीत दगड होता आणि मूठ खांद्याच्या वर गेलेली होती. सदा त्याच्यासमोर थांबला. बाकड्यावरून मला त्या म्हाताऱ्याची हनुवटी हलताना दिसत होती.

"तात्या, वाट द्या की," सदा म्हणाला. "वजन लय हाय ओ ह्या मेंढक्याचं."

वरून बिरू म्हणाला, "तुजं बी काय कमी न्हवतं. मघाशी मी उचललंय."

कोणीतरी हसले. मग त्याच्या शेजारचा हसला. तात्यांचा हात खाली आला. ते बाजूला झाले, आणि रांगेला वाट पडली. हसणे पसरत गेले, पण ते आनंदाचे नव्हते. खूप वेळ श्वास धरून बसलेली माणसे हसतात तसे होते. फेरी पुरी झाल्यावर सुभेदार व्यासपीठाच्या मागे गेले आणि ओकले. लोक पांगल्यावर पाहिले तर माणसे बसली होती तिथे सगळीकडे खडी पडलेली होती.

मी वृत्त दिले. दुसऱ्या दिवशी त्यातल्या निकालाच्या चार ओळी छापून आल्या. बाकीचे संपादकांनी काढले होते. जी दंगल झालीच नाही तिची बातमी होत नाही, हे त्यांचे म्हणणे बरोबर होते.

काही दिवसांनी सुभेदार सांगलीत कार्यालयात आले. मिरजेच्या दवाखान्यातून थेट आले होते. उजवा हात प्लॅस्टरमध्ये होता, दाढी वाढलेली होती. गावात कोणीतरी उठवले होते की परतीच्या वाटेवर दोन्हीकडचे ट्रक एका पुलावर समोरासमोर आले आणि माणसे कापली गेली. "खरं सांगा," ते म्हणाले. "मला कोन सांगत न्हाई. घरात तर सगळी गप बसत्यात."

मी त्यांना त्या दिवसापासूनचे सगळे अंक काढून दिले. गावोगावच्या वार्ताहरांकडून आलेला मजकूरही दाखवला. त्यांनी डाव्या हाताच्या बोटाने ओळ न् ओळ पाहिली. विहिरीत पडलेला बैल, बाजारभाव, एका शाळेचे उद्घाटन.

"काय न्हाई?"

"काही नाही."

"कुनाचा डोळा, हात, काय बी?"

"काही नाही, सुभेदार."

त्यांनी पाणी मागितले. मी म्हणालो, "पुढच्या हंगामात सगळे तुम्हालाच बोलावतील. तुमच्या युक्तीने मैदान वाचले."

"त्ये एकदाच वाचतंय," ते म्हणाले. "लोकास्नी म्हाईत न्हवतं म्हनून ती गप बसली. आता म्हाईत झालं. पुढच्या टायमाला खांद्यावर घेनाऱ्याला बी घालत्याल. मग मी काय करू? माझ्याकडं दुसरं काय न्हाई."

ते उठले. दारापर्यंत गेले आणि परत वळले.

"उद्याचा अंक कवा निघतोय?"

"पहाटे."

"त्यात बी बघा. आन एक कार्ड टाका."

दुसऱ्या दिवशी मी अंक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग पोस्टकार्डावर त्यांचा पत्ता घातला आणि मागे लिहिले, 'आजही काही नाही.' उत्तर आले नाही. पुढच्या हंगामात आबा स्वतः त्यांना बोलवायला गेले होते, पण सुभेदार आले नाहीत. त्यांच्या जागी दुसरे पंच आखाड्यात उतरले. त्यांनी दोन्ही पैलवानांच्या पाठीवर थाप मारली, लोकांकडे बघून हात हलवला आणि शिट्टी दिली. मी बाकड्यावरून उठलो आणि मैदानाभोवती एक फेरी मारून आलो.