आर्लेटने राहू न दिलेले टाके

आर्लेट व्हॉसबर्गला गोधडीतलं सगळं कळतं असं आमच्या गावात मानतात, कारण ती स्वतःच तसं सांगत फिरते. चर्चच्या तळघरात दर मंगळवारी आम्ही सहा-सात बायका चौकटीभोवती बसतो आणि ताणलेल्या गोधडीवर धावदोरा घालतो. आर्लेट चष्मा नाकावर ओढून प्रत्येकीच्या हाताखाली डोकावते. इंचाला दहा टाके पडले पाहिजेत, नऊ पडले की बाईच्या कपाळाला आठ्या. नेब्रास्कातल्या या एवढ्याशा गावात दुसरं कुणी तिला विचारत नाही. नवरा जिवंत होता तोवर तोही तिचं ऐकत नव्हता. मग काय, आम्ही सापडलो.

ज्या घरात लग्न असेल त्या घरची गोधडी सगळ्यांनी मिळून शिवायची, ही आमच्याकडची जुनी रीत. वरचे तुकडे घरच्या बाईने जोडून आणायचे, टाके मात्र सगळ्यांचे. या चांगल्या रीतीत आर्लेटने स्वतःची अक्कल घातली. ज्या बाईचा टाका वाकडा, ती घरी गेली की तिची ओळ उसवायची आणि नव्याने घालायची. तिला कळू द्यायचं नाही.

काही वर्षांपूर्वी फर्न डाल्केही आमच्यात बसायची. तेव्हा ती चौऱ्याऐंशीची होती, हात थरथरायचा. तिचा एकेक टाका मक्याच्या दाण्याएवढा. तिच्या स्वतःच्या नातवाची गोधडी चौकटीवर होती. तीन मंगळवार बसून बिचारीने एक कोपरा भरला. तिसऱ्या मंगळवारी तिचा मुलगा गाडी घेऊन आला, ती गेली आणि आर्लेटने पर्समधून टाके उसवायचा आकडा काढला.

"काढा गं ते."

"आर्लेट, तिच्या नातवाची आहे," मी म्हटलं.

"म्हणूनच. लोक बघतील. आणि तिला कुठे दिसतंय?"

आम्ही काढले. मीसुद्धा काढले, लपवत नाही. नातवाच्या गोधडीत फर्नचा एक टाका राहिला नाही. पुढे फर्न यायचीच बंद झाली.

यंदा हिवाळ्यात आर्लेटच्या नातीचं, मेरिटचं लग्न ठरलं. आर्लेटने निळे-पिवळे तुकडे जोडून आणले आणि महिनाभर त्यांचं कौतुक आम्हाला ऐकवलं. पण बाईची बोटं संधिवाताने वाकली होती. इंचाला जेमतेम चार टाके, तेही तिरके. सगळ्यांना दिसत होतं. खरं सांगते, मला बरं वाटत होतं.

एका मंगळवारी तिने मला कॉफीच्या टेबलाशी गाठलं.

"डोरीन, मी घरी गेल्यावर माझा कोपरा उसवशील ना?"

"तुझा? तो का गं?"

"नाटकं करू नकोस. मेरिट मला फार मानते. तिच्यासमोर असले टाके गेले तर काय राहिलं माझं?"

"बरं, बघते," मी म्हटलं.

मी एकही टाका काढला नाही. दया-माया काही नव्हती माझ्या मनात. नातीसमोर तिचं तोंड कसं होतं ते बघायचं होतं मला. शिवून झालेला भाग चौकटीच्या दांड्यावर गुंडाळला जातो, त्यामुळे आत काय आहे ते तिला दिसणार नव्हतं. "काढलेस?" तिने विचारलं. "काढले," मी म्हटलं. कडेची पट्टी लावायला गोधडी मीच घरी नेली.

लग्नाआधीच्या रविवारी चर्चमध्ये मेरिटसाठी जेवण होतं. हॅमचे सँडविच, हिरवी जेली, नेहमीचंच. फर्नलाही तिच्या मुलाने चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. गोधडी उलगडली तशी मेरिट गुडघ्यांवर बसली.

"आजी, यात तुझे टाके कुठले?"

आर्लेटने मधल्या फुलावर बोट ठेवलं. "हे."

ते फूल माझं होतं. मी दोन हातांच्या अंतरावर बसले होते, तरी बाईला लाज नाही.

मेरिटने कोपरा उचलला. "आणि हे मोठे मोठे कुणाचे?"

आर्लेटने पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं. पापणीही न लववता म्हणाली, "फर्नचे. हात थरथरतो ना तिचा. आम्ही सांभाळून घेतो."

मेरिट तो कोपरा घेऊन थेट फर्नकडे गेली आणि तिने तो फर्नच्या मांडीवर पसरला. फर्नने अंगठा त्या टाक्यांवरून हळूहळू फिरवला.

"माझेच दिसतायत," ती म्हणाली. "मी आल्याचं आठवत नाही बाई मला." मग तिने मान वर करून आमच्या टेबलाकडे पाहिलं. "या वेळी राहू दिलेत होय?"

आमच्यातल्या एकीलाही मान वर करता येईना. एवढी वर्षं तिला ठाऊक होतं.

मेरिटला त्यातलं काय कळणार? तिने फर्नची थरथरती बोटं हातात धरली आणि त्यांचा मुका घेतला. "फर्नआजी, अख्ख्या गोधडीत मला हेच सगळ्यात आवडले. बाकीचे मशीनचे वाटतात."

आर्लेटने आपले हात टेबलाखाली घेतले. ते टाके माझे आहेत, एवढंच म्हणायचं होतं तिला. ती नातीकडे बघत राहिली; फर्नचं नाव तिनेच तर घेतलं होतं. आणि खरं काय ते मला ठाऊक होतं. पण मी तरी कुठल्या तोंडाने सांगणार होते?