आई, बाबा आणि पानवाला मॅचला

फुटबॉलची आठवण म्हटल्यावर तुम्हाला शेवटच्या मिनिटाचा गोल हवा असेल, तर सॉरी. आमची पुण्याची टीम देशातल्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये होती, आणि त्या सीझनला नुसती हरत होती.

आज कर्वेनगरला खाऱ्या शेंगदाण्यांचा वास आला आणि मी थेट बालेवाडीच्या रिकाम्या स्टँडमध्ये जाऊन बसलो. तेव्हा वाशिमहून नवीन आलेलो. पुण्यात बोलायला कुणी नव्हतं, म्हणून मॅचला मीच, "आता बाबा", "आता आमचा पानवाला" असं मोठ्यानं सांगत, गावाकडची सगळी माणसं व्हायचो. बाबांसारखा खाकरून रेफ्रीला झापायचो, आमच्या पानवाल्यासारखा "काहून बे, पळ ना!" ओरडायचो, आईच्या आवाजात गोलकीपरला "जेवला का रे?" विचारायचो. दोन खुर्च्या सोडून एक काका शेंगदाणे खात बसायचे. कधी हसले नाहीत, बोलले नाहीत. मला वाटायचं, आपण यांच्या डोक्यात जातो.

एका मॅचला तापामुळे गेलो नाही. रूमवर पडून होतो, विचारायलाही कुणी आलं नाही. पुढच्या मॅचला काका पहिल्यांदा माझ्याकडे वळले.

"अहो, येणार नसाल तर सांगायची पद्धत आहे का नाही तुमच्याकडे? मागच्या वेळी ना तुमचे वडील आले, ना आई, ना तो पानवाला. मी काय एकट्यानं बघायची मॅच?"