रमजानभाईंनी काढलेली दिवाळी

महाडच्या बाजारपेठेत रमजानभाईंचा फोटो स्टुडिओ आहे. त्यांना जन्मापासून ऐकू येत नाही, पण त्यांच्याइतका बडबड्या माणूस मी पाहिलेला नाही. हात, भुवया, गाल, खांदे, त्यांचं सगळंच बोलतं. गिऱ्हाईक खुर्चीवर ताठ बसलं की ते त्याचीच नक्कल करतात. माणूस हसला की फोटो निघालाच! ओळखीच्या प्रत्येकाला त्यांनी हातांनी घ्यायचं एक नाव दिलंय. पोस्टमास्तर म्हणजे मिशीला पीळ. मी म्हणजे कपाळावर दोन बोटं, आठी घातल्यासारखी. त्यांची बायको सकिना हिला ऐकू येतं, आणि नवऱ्याचं बोलणं ती तिखटमीठ लावून आम्हाला सांगते.

आमची लेक कुंदाही जन्मतः बहिरी. आपल्याला काही नाव असतं हे सात वर्षांची होईपर्यंत तिला ठाऊकच नव्हतं. रमजानभाईंनी तिच्या गालावरच्या खळीत बोट टेकवलं, आणि ती 'खळी' झाली. पोलादपूरला आमच्या घरी परतताना एसटीत तिने प्रत्येक उतारूला गाल दाखवला.

१९५८ साली तिला मुंबईला बहिऱ्या मुलांच्या शाळेत ठेवायचं ठरलं. मला एकच घोर लागला. तिला तिथे सोडून मी निघाले, तर मी परत येणार आहे हे तिला सांगायचं कसं?

रमजानभाई त्याच शाळेत शिकलेले. मामाने बोटीने नेऊन सोडलं, तेव्हा आपल्याला विकलंच असं समजून त्यांनी जेवण सोडलं होतं. पुढे तिथल्या पोरांकडून हातांनी बोलायला शिकले, आणि मग सुट्टीतही घरी यायला तयार होईनात.

"ते म्हनतात, फोटो काढू," सकिना म्हणाली. "आधी एसटी. मग शाळेचं दार, तो फोटो हाय आमच्याकडं. मग तुम्ही जाताना. मग दिवाळीला परत येताना."

"अहो, मे महिना आहे!"

"मग काय झालं? दिवाळी आम्ही काढू."

रणरणत्या दुपारी सकिनाने काठीला आकाशकंदील बांधून माझ्या डोक्यावर धरला. मी रिकामा फराळाचा डबा घेऊन हसत हसत आले. पण निघतानाच्या फोटोला डोळे भरून आले ते आवरेनात.

फोटो तयार झाल्यावर कुंदाने ते जमिनीवर मांडले. माझा रडका चेहरा तिने बराच वेळ पाहिला, आणि तो फोटो उचलून सगळ्यांच्या शेवटी ठेवला, दिवाळीच्याही नंतर. मग माझा पदर मुठीत घट्ट धरून बसली.

रमजानभाईंनी कपाळावर हात मारला.

"म्हनतात, मयताला आलात काय?" सकिना म्हणाली. "अशी रडून गेलेली बाई परत येते होय? पुन्ना काढायचा!"

मला हसू कुठून यायला! तेव्हा रमजानभाईंनी कॅमेऱ्याचं काळं फडकं पदरासारखं डोक्यावरून घेतलं, कपाळाला आठी घातली, आणि एसटीच्या दारात पदर अडकलेली मी हुबेहूब करून दाखवली. मी पोट धरून हसले.

नवा फोटो कुंदाने शाळेच्या दाराच्या फोटोपुढे ठेवला, आणि दिवाळी शेवटी. गालाला बोट लावलं, माझ्या कपाळाला लावलं, मग कंदिलाला. आणि पदर सोडला.

दिवाळीला मी शाळेत पोचले. कुंदा दारात नव्हतीच. अंगणात चार मुलींना हातवारे करून काहीतरी रंगवून सांगत होती. मी दिसले तशी हसली, आणि तळवा दाखवून म्हणाली, थांब! गोष्ट संपेपर्यंत मी डबा घेऊन उभी.

महाडला उतरून आम्ही थेट स्टुडिओत गेलो. रमजानभाई एका नवरदेवाचा फोटो घेत होते. मी सांगितलेलं सकिनाने हातांनी त्यांना सांगितलं, तसे ते एवढ्या मोठ्याने हसले की नवरदेव दचकला आणि कॅमेऱ्यातली प्लेट वाया गेली.

"बसा आता पुन्ना," सकिना त्याला म्हणाली, "ह्यांची पोर रुळली शाळंत."

रमजानभाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. ते कुंदासमोर उकिडवे बसून आपल्या शाळेच्या बातम्या विचारत होते.